दादरच्या ‘टी.टी.’मागची ट्राम

बसमध्ये चढून ‘एक टी.टी. द्या’ म्हटले की वाहक काही न विचारता दादरचे तिकीट देतो. टी.टी. म्हणजे ट्राम टर्मिनस. चौकाचे नाव खोदादाद सर्कल, डोक्यावरून उड्डाणपूल जातो, आणि इथून ट्राम हद्दपार होऊन साठ वर्षे उलटली. तरी पत्ता सांगताना, टॅक्सीवाल्याला हात करताना तोंडी येते ते टी.टी.च. मुंबईत कधी ट्राम होती हे ज्यांच्या गावीही नाही, तेसुद्धा तिचे नाव रोज घेत असतात.

ट्राम आणण्याचा पहिला बेत १८६५चा. एका अमेरिकी कंपनीला घोड्यांच्या ट्रामचा परवानाही मिळाला होता. पण त्याच वर्षी अमेरिकेतले यादवी युद्ध संपले, कापसाचे चढलेले भाव गडगडले आणि कापसाच्या पैशावर फुगलेला मुंबईचा शेअरबाजार कोसळला. भल्याभल्या पेढ्या बुडाल्या, तिथे रुळांसाठी पैसा कोण काढणार? बेत बासनात गेला. पुढे १८७३ मध्ये बॉम्बे ट्रामवे कंपनी उभी राहिली, १८७४ मध्ये ट्रामवेचा कायदा झाला आणि ९ मे १८७४ रोजी मुंबईच्या रस्त्यावर पहिली ट्राम धावली.

मार्ग दोन होते. एक कुलाब्याहून क्रॉफर्ड मार्केटमार्गे पायधुणीला, दुसरा बोरीबंदरहून काळबादेवीमार्गे पायधुणीलाच. मला यात फार मोठी गोष्ट दिसते. कोटाची तटबंदी पाडून तेव्हा जेमतेम दहा वर्षे झाली होती. तटाच्या आतली गोऱ्यांची, कचेऱ्यांची मुंबई आणि बाहेरची दाट वस्तीची, बाजारपेठांची मुंबई ही जणू दोन गावे होती. १८७२च्या जनगणनेत शहराची वस्ती ६,४४,४०५ भरली, आणि त्यातली बरीचशी या तटाबाहेरच्या गल्ल्यांत दाटली होती. जिथे एकेकाळी खाडी ओलांडून आलेला माणूस पाय धुवायचा म्हणून जागेला पायधुणी नाव पडले, तिथपर्यंत आता कुलाब्याहून रूळ आले. पालखी, शिग्राम, रेकला ही वाहने ज्याच्या खिशाला परवडत त्याचीच. ट्राममध्ये मात्र अनोळखी माणसे एका बाकावर शेजारी बसू लागली.

सुरुवातीचे भाडे तीन आणे होते आणि तिकीट म्हणून काही दिले जात नसे. पुढे भाडे दोन आण्यांवर आले, तिकिटे आली. गाडीला एक किंवा दोन घोडे जुंपत. आरंभी कंपनीकडे ९०० घोडे होते, असे सांगतात. घोड्यांचे पर्व संपत आले तेव्हा, १९०५ मध्ये, ते १३६० झाले होते. एवढ्या जनावरांचा दाणावैरण, तबेले, नाल ठोकणारे, मोतद्दार असा केवढा तरी संसार रुळांच्या मागे उभा असणार.

विजेच्या ट्रामसाठी कंपनीने पालिकेकडे अर्ज केला तो १८९९ मध्ये. मद्रासमध्ये विजेची ट्राम १८९५ पासून धावत होती, कलकत्त्यात १९०२ मध्ये आली. मुंबईला थांबावे लागले. १९०५ मध्ये ‘बॉम्बे इलेक्ट्रिक सप्लाय अँड ट्रामवेज कंपनी’ स्थापन झाली. हीच आपली बेस्ट. तिने जुन्या कंपनीची मालमत्ता ९८,५०,००० रुपयांना घेतली आणि वाडीबंदरला वाफेवर चालणारे वीजघर उभारले. शहराला दिवे आणि ट्राम एकाच कंपनीने दिले. ७ मे १९०७ रोजी संध्याकाळी साडेपाच वाजता विजेची पहिली ट्राम पालिकेच्या इमारतीपासून क्रॉफर्ड मार्केटकडे निघाली. अंतर चार पावलांचे, पण जनावर न जुंपता चाललेली गाडी होती ती! टपावरचा दांडा वरच्या तारेला टेकलेला, चालक उभ्याने एका हाताने मूठ फिरवतोय आणि पायाने घंटा ठणठणावतोय. रात्री तारेच्या जोडावर दांडा घसटला की निळी ठिणगी उडायची.

ट्रामने वस्त्या कशा घडवल्या हे समजायचे तर प्लेगपासून सुरुवात करावी लागते. १८९६च्या साथीने मांडवी, पायधुणीच्या कोंदट गल्ल्यांचे भयाण रूप उघडे पाडले. १८९८ मध्ये सिटी इम्प्रूव्हमेंट ट्रस्ट स्थापन झाला. त्याने जुन्या वस्त्या फोडून प्रिन्सेस स्ट्रीट, सँडहर्स्ट रोड असे रुंद रस्ते काढले आणि उत्तरेकडे दादर-माटुंग्याची आखणी केली. हिंदू कॉलनी, पारशी कॉलनी ही त्या आखणीची अपत्ये. पण मोकळ्या हवेत घर घेतले तरी नोकरी फोर्टातच. परळ रोडने, म्हणजे आजच्या आंबेडकर मार्गाने, दादरपर्यंत आलेल्या ट्रामने त्या दोन टोकांची सांगड घातली. आगगाड्या होत्याच, पण ट्राम स्टेशन सोडून मधल्या भायखळा, लालबाग, परळमधून, दारावरून जायची.

ही सोय सगळ्यांना सारखी नव्हती, हेही सांगायला हवे. गिरणगाव ट्रामच्या वाटेवर होते, पण बहुतेक गिरणी कामगार चालत पोचता येईल अशा चाळीतच राहत आणि भोंग्याला पायीच निघत. रोजचे भाडे ज्याला झेपत होते तो मुख्यतः कारकून, शिक्षक, दुकानातला गुमास्ता. दादरचा पांढरपेशा मध्यमवर्ग ट्रामच्या बाकावर वाढला, असे मी म्हणेन.

गर्दी वाढली म्हणून सप्टेंबर १९२० मध्ये दुमजली ट्राम आली. सहा वर्षांत, १५ जुलै १९२६ला, अफगाण चर्च ते क्रॉफर्ड मार्केट पहिली बस सुटली आणि ट्रामला घरातच सवत आली. बसला रूळ नकोत, तार नको, वाट बदलता येते. ट्राम रस्त्याच्या मधोमध, उतरणारा माणूस थेट मोटारींच्या पुढ्यात. ऑगस्ट १९४७ मध्ये बेस्ट पालिकेकडे आली तेव्हा नावातल्या ‘ट्रामवेज’च्या जागी ‘ट्रान्सपोर्ट’ आले. आद्याक्षर तेच, त्यामुळे बेस्ट बेस्टच राहिली. १९५३ पासून एकेक मार्ग बंद होत गेला. १९६२ मध्ये गोवालिया टँक ते माझगाव डॉक विजेच्या तारेवर चालणारी ट्रॉलीबस आणून पाहिली. तीही १९७१ मध्ये थांबली.

३१ मार्च १९६४च्या रात्री दहा वाजता बोरीबंदरहून शेवटची ट्राम निघाली. डबा खचाखच भरलेला, रस्त्याच्या दोन्ही बाजूंना निरोपाला माणसे. ती थांबली दादर टी.टी.ला.

रूळ सगळे उखडले गेले नाहीत. काहींवर नुसते डांबर चढले. २०१८च्या सुमारास हुतात्मा चौकात फ्लोरा फाउंटनच्या दुरुस्तीचे काम चालू असताना खणलेल्या जागी ते पुन्हा दिसले. काळ्या दगडांत घट्ट बसवलेले पोलादी पट्टे, आणि त्यांत चाकाची कड बसायची ती खाच.