सलग चढ (रस्त्यावरील सायकलिंग)

सलग चढ : मध्ये कुठेही न तुटणारा, उतार किंवा लांब सपाटी न येणारा आणि पायथ्यापासून माथ्यापर्यंत जवळजवळ एकाच टक्क्याने वर जाणारा रस्ता. घाट चढण्याच्या सरावासाठी सायकलस्वार असे रस्ते मुद्दाम शोधतात. ठरावीक जोर दहा, वीस किंवा चाळीस मिनिटे न सोडता लावणे हा या सरावाचा गाभा. रस्ता दर दोन मिनिटांनी चढ बदलत असेल तर तो जोर रस्ता ठरवतो, स्वार नव्हे. म्हणून नुसता उंच किंवा नुसता लांब घाट पुरत नाही; त्याचा चढ एकसारखा असावा लागतो.

चढाचा टक्का म्हणजे १०० मीटर अंतरामागे मिळवलेली उंची. ७ टक्के चढावर १ किलोमीटरला ७० मीटर उंची मिळते. १० टक्के चढाचा कोन जेमतेम ५.७ अंश असतो, तरी सायकलवर तो भिंतीसारखा वाटतो. काही देशांत पाट्यांवर टक्क्याऐवजी गुणोत्तर लिहिलेले असते. १:१४ म्हणजे सुमारे ७ टक्के.

किती चढ, किती लांब

शोध सहसा किलोमीटरपासून सुरू होतो आणि तिथेच चुकतो. आधी पाहायची ती उंची. सायकलसह ८४ किलो वजनाचा स्वार चाकाशी २०० वॉट देत असेल, तर ४ टक्के चढावर तो ताशी सुमारे १७.५ किमी, ७ टक्क्यांवर ११ किमी आणि १० टक्क्यांवर ८ किमी वेगाने जातो. वीस मिनिटांत अंतर अनुक्रमे ५.८, ३.७ आणि २.७ किमी होते, म्हणजे फरक दुपटीहून जास्त. उंची मात्र २३० ते २७० मीटरच्या दरम्यानच राहते. तोच स्वार ३०० वॉट देऊ लागला, तर ७ टक्के चढावर वीस मिनिटांना ३८० मीटरच्या आसपास उंची लागते. तेव्हा नकाशा उघडण्यापूर्वी स्वतःचा ताशी चढण्याचा वेग मीटरमध्ये काढून ठेवावा. ताशी ७५० मीटर चढणाऱ्याला वीस मिनिटांच्या तुकड्यासाठी २५० मीटर उंचीचा चढ पुरतो, आणि चाळीस मिनिटांसाठी ५०० मीटरचा.

टक्का ५ ते ८ च्या मध्ये असलेला बरा. ४ टक्क्यांच्या खाली वेग वाढतो आणि हवेचा अडथळा हिशेबात शिरतो: वरच्या उदाहरणात ४ टक्क्यांवर सुमारे १२ टक्के शक्ती हवेत जाते, ७ टक्क्यांवर जेमतेम ३ टक्के. वारा फिरला की पहिली आणि तिसरी फेरी एकमेकींशी ताडून पाहता येत नाही. ९-१० टक्क्यांच्या वर अडचण गिअरची. पुढे ३४ दातांची चेनरिंग (पेडलजवळचे दातेरी चाक) आणि मागे २८ दातांचे सर्वांत मोठे दातेरी चाक असेल, तर १० टक्के चढावर २०० वॉटला पेडल मिनिटाला ५३ फेरेच मारते. हा सराव दमापेक्षा गुडघ्यांचा आणि मांड्यांच्या ताकदीचा होतो. मागे ३४ दातांपर्यंतची कॅसेट (मागच्या दातेरी चाकांचा संच) बसवली की फेरे ६४ पर्यंत येतात. कॅसेट बदलणे स्वस्त, पण मागचा डिरेलर (साखळी एका दातेरी चाकावरून दुसऱ्यावर नेणारा भाग) तेवढे मोठे दातेरी चाक झेलतो का हे आधी तपासावे. लांब केज (साखळी ताणून धरणारा दांडा) नसलेले जुने डिरेलर बहुधा २८ किंवा ३० दातांपाशी थांबतात.

सरासरी का फसवते

समजा दोन रस्ते आहेत; दोन्ही ६ किमी लांब, दोन्हींना उंची ३०० मीटर, दोन्हींची सरासरी ५ टक्के. पहिला खरोखरच सारा वेळ ५ टक्क्यांनी चढतो. दुसरा आधी २ किमी ९ टक्क्यांनी उठतो, मग १ किमी ३ टक्क्यांनी उतरतो आणि उरलेले ३ किमी ५ टक्क्यांनी चढतो. यादीत दोघांची नोंद अगदी सारखी दिसेल. दुसऱ्या रस्त्यावर वरचाच स्वार पुढे ३४, मागे २८ दातांच्या गिअरवर मिनिटाला ६० फेऱ्यांखाली घासत चढतो, मग किलोमीटरभर पाय न हलवता ताशी ३५ किमीपर्यंत जातो. नाडी खाली येते, पाय गार पडतात आणि वीस मिनिटांच्या सलग जोराचे दोन तुटके तुकडे होतात.

नावाजलेले घाटही याला अपवाद नाहीत. फ्रान्समधला माँ व्हाँतू बेदुआँ गावातून सुमारे २१ किमी, सरासरी साडेसात टक्के असा सांगितला जातो. प्रत्यक्षात पहिले पाचेक किलोमीटर सौम्य आहेत. सेंत-एस्तेव्हच्या वळणानंतर जंगलात ९ टक्क्यांच्या आसपासचा चढ लागतो आणि तो शाले रेनारपर्यंत सुटत नाही. सुरुवातीच्या सौम्य भागात जोर उधळणारे तिथे सापडतात. फ्रान्समधल्याच आल्प द्युएझची गोष्ट उलटी: १३.८ किमी, सरासरी ८.१ टक्के, पण सर्वांत खडा भाग तळाशीच. त्याची २१ वळणे खालून वर उलट क्रमाने मोजली जातात, म्हणजे तळाशी २१ आणि माथ्याजवळ १. वळणाच्या टोकाशी रस्ता सपाट होतो आणि दोन वळणांमध्ये पुन्हा उठतो. त्यामुळे हेअरपिन (जवळजवळ उलट फिरणाऱ्या) वळणांचे घाट दिसायला कितीही देखणे असले, तरी काटेकोर चाचणीसाठी डोंगराच्या कुशीतून तिरपा जाणारा, कमी वळणांचा रस्ता सरस.

रस्ता कोणासाठी बांधला

एकसारखा चढ कुठे सापडेल याचा सर्वांत भरवशाचा संकेत रस्त्याच्या इतिहासात असतो. घोडागाड्या, तोफा, बैलगाड्या किंवा जड मालट्रक वर नेण्यासाठी आखलेला रस्ता चढ वाढू देत नाही. उंची मिळवण्यासाठी तो लांबी खर्च करतो. पाऊलवाटेवर पुढे डांबर पडून झालेला रस्ता याच्या उलट, सरळ अंगावर येणारा आणि मनाला येईल तसा चढणारा असतो. आल्प्समधला स्तेल्व्हिओ घाट कार्लो दोनेगानी या अभियंत्याने १८२० ते १८२५ मध्ये ऑस्ट्रियन साम्राज्यासाठी बांधला. प्रातो गावाकडून ४८ हेअरपिन वळणे घेत तो सुमारे २४ किमीत १,८०० मीटर उंची मिळवतो, तरी सरासरी साडेसात टक्क्यांच्या आसपासच राहते, कारण त्यावरून गाड्या जायच्या होत्या. स्पेनच्या मायोर्का बेटावरचा सा कालोब्रा रस्ता १९३२ मध्ये अंतोनियो पारिएत्तीच्या आखणीनुसार झाला. तो थेट समुद्रापर्यंत उतरून संपतो. परत येताना साडेनऊ किलोमीटरचा, साधारण ७ टक्क्यांचा चढ समोर असतो आणि मध्ये पळवाट नाही.

कॅलिफोर्नियातला माउंट हॅमिल्टनचा रस्ता मात्र या नियमाची मर्यादा दाखवतो. लिक वेधशाळेचे सामान घोड्यांच्या गाड्यांनी नेता यावे म्हणून १८७६ मध्ये पूर्ण झालेल्या या रस्त्याचा चढ साडेसहा टक्क्यांच्या आत ठेवला होता. पण वाटेत आडव्या डोंगररांगा असल्याने सॅन होजेकडून जाताना दोनदा खाली उतरावे लागते. चढ सौम्य असला म्हणजे तो सलग असतोच असे नाही. सरावाला उपयोगी पडतो तो शेवटच्या उतारानंतरचा भाग.

याच हिशेबाने वेधशाळा, स्की-गावे, धरणांचे जलाशय आणि खिंडीतून जाणारे जुने व्यापारी मार्ग आधी पाहावेत. दूरसंचार मनोऱ्यांचे रस्ते मोहात पाडतात, कारण ते एकाच दिशेने वर जातात आणि वाहनेही नसतात. पण शेवटचा किलोमीटर बहुधा १२ टक्क्यांच्या वर जातो आणि फाटकापाशी संपतो. जुन्या रेल्वेमार्गांवर केलेल्या वाटा २-३ टक्क्यांपलीकडे क्वचित जातात. मोठ्या गिअरवर दम टिकवण्यापुरत्या त्या चांगल्या. ज्वालामुखींचे उतार मात्र खजिना आहेत. स्पेनच्या टेनेरिफ बेटावर समुद्रकाठापासून तेइदे ज्वालामुखीच्या पठारापर्यंत रस्ता २,००० मीटरहून जास्त चढतो, आणि व्यावसायिक संघ तिथे सरावाला तळ ठोकतात.

नकाशावर शोध

कागदी किंवा पडद्यावरच्या समोच्च रेषांच्या (सारख्या उंचीची ठिकाणे जोडणाऱ्या रेषांच्या) नकाशावर डोंगराचा आकार न बघता रस्ता रेषांना कुठे कुठे छेदतो ते बघावे. १:५०,००० प्रमाणात १ सेंमी म्हणजे ५०० मीटर. लागोपाठच्या दोन रेषांमधला उंचीचा फरक २० मीटर असेल तर ४ टक्के चढावर दोन छेद १ सेंमी अंतरावर येतात, ७ टक्क्यांवर सुमारे ५.७ मिमीवर आणि १० टक्क्यांवर ४ मिमीवर. कागदाच्या कडेवर छेदांच्या खुणा करत गेले की दहा मिनिटांत उत्तर मिळते. खुणा शिलाईच्या टाक्यांसारख्या समान पडल्या तर चढ एकसारखा. मध्येच टाका लांबला तर तिथे सपाटी; एकच रेषा रस्त्याने दोनदा ओलांडली तर तिथे उतार.

चढ दाखवणाऱ्या बाणांबद्दल सावध राहावे. मिशलिनच्या नकाशांवर बाणाचे टोक चढाच्या दिशेला असते. एक बाण ५ ते ९ टक्के, दोन ९ ते १३ आणि तीन त्याहून जास्त. ब्रिटनच्या ऑर्डनन्स सर्व्हेच्या नकाशांवर टोक उताराकडे असते आणि पहिला बाणच १४ टक्क्यांपासून सुरू होतो. एकाची सवय झालेला दुसऱ्यावर हमखास उलटा घाट आखतो.

स्ट्राव्हा, राइड विथ जीपीएस, कोमूट यांसारख्या सायकलिंगच्या ॲपवर चढांच्या तयार नोंदी मिळतात. स्ट्राव्हा चढाची श्रेणी मीटरमधली लांबी गुणिले टक्का अशी काढते: ८,००० ला चौथी, १६,००० ला तिसरी, ३२,००० ला दुसरी, ६४,००० ला पहिली आणि ८०,००० च्या वर श्रेणीबाहेर. ८ किमी लांब, ८ टक्के चढ पहिल्या श्रेणीत बसतो. पण १६ किमी लांब ४ टक्के चढही त्याच आकड्यावर येतो, आणि चढ एकसारखा आहे की नाही हे श्रेणीतून कळतच नाही. त्यापेक्षा दोन आकडे ताडून पाहावेत: पायथा-माथ्याच्या उंचीतला फरक आणि मार्गावरची एकूण चढाई. ३०० मीटर फरकाच्या रस्त्यावर एकूण चढाई ३३० दाखवत असेल तर ३० मीटरचा उतार वाटेत दडला आहे. नंतर मार्गाच्या उंचीच्या आलेखाचे ५००-५०० मीटरचे तुकडे पाडावेत. सगळे तुकडे सरासरीच्या दीड टक्का वर-खाली राहिले तर रस्ता कामाचा.

आलेख खोटे बोलतात तेही ठरावीक जागी. बरीचशी उंचीची माहिती फेब्रुवारी २००० मध्ये अवकाशयानातून झालेल्या एसआरटीएम रडार मोजणीवर उभी आहे आणि तिचा एक चौकोन साधारण ३० मीटरचा असतो. ३० अंशांच्या डोंगरउतारावर रस्त्याची रेघ २० मीटर बाजूला सरकली, की उंचीत सुमारे साडेअकरा मीटरची चूक पडते. मग गुळगुळीत रस्ता आलेखात करवतीसारखा दिसतो. बोगदा असेल तर आलेख डोंगरावरून उडी मारतो, पूल असेल तर दरीत उतरतो. १०० मीटरसाठी २५ टक्के असा एकटा सुळका दिसला, तर घाबरण्याआधी तिथे बोगदा आहे का ते उपग्रह-चित्रात पाहावे.

जागेवर पडताळणी

पहिली फेरी जोर न लावता करावी आणि दर ५०० मीटरला उंची नोंदवावी. हवेच्या दाबावर चालणारा उंचीमापक असलेला सायकल-संगणक जीपीएसच्या उंचीपेक्षा खूपच विश्वासार्ह, पण हवामान बदलले तर दाबातल्या दर १ हेक्टोपास्कल फरकाला सुमारे ८ मीटर सरकतो. म्हणून पायथ्याशी ज्ञात उंचीवर तो जुळवून घ्यावा आणि उतरल्यावर आकडा परत तोच येतो का पाहावे. पडद्यावरचा चालू टक्का काही सेकंद मागे असतो; वळणावर त्याच्याकडे बघून गिअर बदलू नये. फ्रान्समधल्या अनेक खिंडींवर दर किलोमीटरला माथ्याचे अंतर आणि पुढच्या किलोमीटरची सरासरी लिहिलेले दगड असतात. तिथे निम्मे काम झालेले असते.

नकाशावर न दिसणाऱ्या गोष्टी बहुतेक वेळा निर्णय फिरवतात. सिग्नल, चौक, गतिरोधक आणि वस्तीतून जाणारा अरुंद भाग यांपैकी एकानेही तुकडा तुटतो. मालट्रकांसाठी आखलेला चढ छान असतो, पण ट्रक अजून तिथेच असतील तर काय उपयोग? अशा रस्त्याला समांतर जुना रस्ता उरला आहे का ते आधी पाहावे. नवा महामार्ग किंवा बोगदा झाल्यावर मोकळा पडलेला जुना घाट हे सर्वांत चांगले सापडणे. माथ्यावर वळायला सुरक्षित जागा हवी. उतरताना खड्डे आणि वाळू असलेला रस्ता चढायला बरा असला तरी फेऱ्यांसाठी नको. रिम ब्रेक (चाकाच्या कडेला, म्हणजे रिमला, घासणारा) असलेल्या सायकलवर लांब, खड्या उतारात सतत ब्रेक दाबून धरला की रिम तापते आणि कार्बनच्या रिम खराब होऊ शकतात. वळणाआधी जोरात दाबून मग सोडावा.

४ किमीचा, ७ टक्क्यांचा चढ फेऱ्यांसाठी जवळजवळ मापाचा असतो: वर जायला वीसेक मिनिटे, उतरायला सहा-सात, आणि तेवढीच विश्रांती बहुतेक वेळापत्रकांत लागते. दर १०० मीटरला हवा साधारण ०.६५ अंशांनी थंड होत जाते. हजार मीटर वर, घामाने भिजलेल्या अंगाने उतरताना साडेसहा अंशांचा फरक आणि वारा मिळून हात ब्रेकवर बधिर होतात, तेव्हा खिशात वाराबंद जॅकेट हवेच. १,५०० मीटरच्या वर त्याच दमात कमी वॉट निघू लागतात, म्हणून पायथ्याचे आकडे माथ्याजवळ लावू नयेत.

चढ नसलेल्या भागात

छोट्या टेकडीवर फेऱ्या मारून एकूण उंची जमते. ८,८४८ मीटर एकाच चढावर पूर्ण करण्याचा 'एव्हरेस्टिंग' प्रकार त्याच तत्त्वावर चालतो. पण दर चार मिनिटांनी उतार आला की सलग जोराचा सराव होत नाही. समोरून येणाऱ्या वाऱ्यात सपाट रस्त्यावर बसून पेडल मारणे किंवा घरातला ट्रेनर (सायकल जागेवरच चालवण्याचे यंत्र) हे पर्याय जास्त जवळचे. फरक पायांना कळतो: चढावर वेग कमी असल्याने सायकलची गती पेडलला पुढे ढकलत नाही, प्रत्येक फेऱ्यात वरचा आणि खालचा मृत बिंदू (जिथे पायाचा जोर पेडलला नीट लागत नाही) जड लागतो. ट्रेनरवर हे साधायचे तर पुढे लहान चेनरिंग आणि मागे मोठे दातेरी चाक ठेवून फ्लायव्हील (ट्रेनरचे जड चाक) सावकाश फिरू द्यावे, आणि पुढचे चाक १०-१२ सेंमी उचलावे. साधारण एक मीटर चाकांतराच्या सायकलवर तेवढ्याने १० टक्क्यांच्या चढासारखी बैठक होते. कंबर आणि खांद्यांना पुढच्या घाटाची सवय तिथेच लागते.