लांब केसांच्या कुत्र्याची घरगुती केशनिगा

लांब केसांच्या कुत्र्याचे केस आणि त्वचा निरोगी राहावी यासाठी घरी नियमितपणे करायची कामे. विंचरणे, अंघोळ, केस वाळवणे, केस-नखे कापणे आणि कान-डोळ्यांची सफाई ही त्यांतली मुख्य. बोलीत सगळ्याला मिळून ‘ग्रूमिंग’ म्हणतात. निम्म्याहून जास्त वेळ विंचरण्यातच जातो आणि जायला हवा. अंघोळ त्यामानाने क्वचितची.

महाराष्ट्रातल्या शहरी घरांत शिह त्झू, ल्हासा आप्सो, गोल्डन रिट्रीव्हर, कॉकर स्पॅनियल आणि सर्रास ‘पॉम’ म्हटला जाणारा इंडियन स्पिट्झ हे लांब केसांचे कुत्रे जास्त दिसतात. मराठवाडा व उत्तर कर्नाटकातल्या पश्मी या शिकारी कुत्र्याच्या कानांना आणि शेपटीलाही रेशमी झालर असते. मात्र त्याची निगा अगदीच सोपी.

निगा कशी राखायची हे केसांच्या प्रकारावर ठरते. शिह त्झू, ल्हासा, माल्टीज, यॉर्कशायर टेरियर यांचे केस दीर्घकाळ वाढत राहतात. त्यांचे केस घरभर पडत नाहीत म्हणून अनेकांना ते सोयीचे वाटतात. पण गळालेला केस खाली न पडता शेजारच्या केसांत अडकतो आणि तिथूनच गुंता सुरू होतो. गोल्डन, स्पिट्झ, जर्मन शेफर्ड यांचे आवरण दुपदरी असते : वर लांब राठ केस, खाली दाट मऊ लव. हे केस ठरावीक लांबीला थांबतात आणि ऋतू पालटताना लव झुबक्या-झुबक्यांनी निघते.

उन्हाळ्यात ‘बिचाऱ्याला उकडत असेल’ म्हणून दुपदरी कुत्र्याचे अंग तासून काढणे ही आपल्याकडची नेहमीची चूक. कुत्रा माणसासारखा अंगभर घामेजत नाही, मुख्यतः धापा टाकून उष्णता बाहेर टाकतो. वरचे केस उन्हापासून त्वचेचा बचावच करतात. तासल्यावर बऱ्याचदा लव आधी वाढते आणि राठ केस मागे पडतात, त्यामुळे अंग ठिगळ लावल्यासारखे दिसते. काही कुत्र्यांत त्या जागी महिनोन्‌महिने केस येतच नाहीत. सुटलेली लव विंचरून काढणे आणि फार तर पोटाखालचे केस बारीक करणे एवढे पुरते. शिह त्झू किंवा ल्हासाचे केस मात्र सर्वांगाला १ ते २ सेंमी ठेवून कापायला हरकत नाही. प्रदर्शनात उतरवायचा नसेल तर त्याच्यासाठी आणि घरच्यांसाठी तेच सुखाचे.

साधने थोडीच लागतात : अर्ध्या भागात विरळ व अर्ध्या भागात दाट दात्यांची स्टीलची फणी, बारीक वाकड्या तारांचा स्लिकर ब्रश, लांब केसांसाठी पिन ब्रश, बोथट टोकांची कात्री, नखे कापायचे क्लिपर आणि पाण्याची फवारा-बाटली. केस कापायचे मशीन घेतलेच तर १० नंबरचे पाते असावे. ते साधारण दीड मिमी केस ठेवते. एकच वस्तू घ्यायची झाली तर फणी घ्यावी. ब्रश गुंत्यावरून घसरत जातो आणि काम झाल्याचा भास होतो, फणी अडते.

विंचरताना त्वचेपर्यंत पोहोचणे महत्त्वाचे. वरवर ब्रश फिरवलेला कुत्रा चकचकीत दिसतो आणि आत जटा बांधल्या जात असतात. कोरडे, मळके केस तुटतात. म्हणून पाण्यात कंडिशनरचे काही थेंब घालून हलका फवारा मारावा. कुत्र्याला कुशीवर निजवून पंजापासून सुरुवात करावी. एका हाताने केस वर धरून खालचा १-२ सेंमीचा थर तेवढा मोकळा सोडावा. दोहोंमध्ये त्वचेची रेघ दिसली पाहिजे. तेवढा थर मुळापासून टोकाकडे विंचरावा, मग वरचा थर सोडावा, असे पाठीपर्यंत चढत जावे. प्रत्येक भागावरून शेवटी फणी फिरवावी; ती न अडता मुळापासून निघाली की तो भाग झाला. ब्रश मनगट सैल ठेवून धरावा. एकाच जागी स्लिकर पुन्हा पुन्हा घासला तर त्वचा लाल होऊन सोलवटते, विशेषतः काखेत आणि पोटावर. किती जोर लावायचा ते आधी स्वतःच्या हातावर ब्रश ओढून पाहावे. पूर्ण लांब केसांचा शिह त्झू रोज विंचरावा लागतो. बारीक कापलेला असेल तर आठवड्यातून दोन-तीनदा, गोल्डनलाही तेवढेच, फक्त केसगळतीच्या दिवसांत रोज.

जटा होतात त्या घर्षणाच्या आणि ओलाव्याच्या जागी : कानामागे, काखेत, जांघेत, गळपट्ट्याखाली, हार्नेसच्या पट्ट्यांखाली, शेपटीच्या बुडाशी, बोटांच्या बेचक्यात. साधारण आठ महिने ते वर्ष या वयात पिल्लाचे मऊ केस जाऊन मोठेपणाचे केस येतात, तेव्हा एका रात्रीत गुंता होतो. बहुतेक जण लांब केसांचा नाद सोडतात तो याच काळात.

लहान जटेवर चिमूटभर कॉर्नफ्लोअर भुरभुरून ती बोटांनी विलग करावी. मग जट आणि त्वचा यांमधले केस चिमटीत घट्ट धरावेत, म्हणजे ओढ त्वचेला बसत नाही, आणि टोकाकडून मुळाकडे थोडेथोडे सोडवत यावे. जटेखाली कात्री घालू नये. त्वचा जटेत ओढली गेलेली असते, केस समजून तीच कापली जाते आणि टाके घालावे लागतात. जट कापणे भागच असेल तर तिच्याखाली फणी सरकवून फणीच्या वर कापावे, किंवा १० नंबरचे पाते त्वचेला सपाट टेकवून फिरवावे. पाते चालता चालता तापते, म्हणून दर काही मिनिटांनी हाताला लावून पाहावे. सगळे अंग नमद्यासारखे एकसंध झाले असेल तर ते काम घरचे नव्हे. कानांवरच्या मोठ्या जटा काढल्यावर कुत्रा जोरजोरात कान झटकतो आणि कानाच्या पाळीत रक्त साकळू शकते. त्यावर लक्ष ठेवावे.

अंघोळ विंचरल्यानंतरच. जट ओली होऊन वाळली की आणखी आवळते आणि शॅम्पू आत अडकून त्वचा खाजते. तीन-चार आठवड्यांतून एकदा पुरे. माणसांचा शॅम्पू, कपड्यांचा साबण, जंतुनाशक द्रव वापरू नयेत. कुत्र्याच्या त्वचेचा सामू (आम्लता मोजणारा pH) माणसापेक्षा उदासीनाकडे झुकलेला असतो. टी ट्री तेल तर कुत्र्याला विषारी. शॅम्पू एकास दहा पाणी या प्रमाणात मिसळून घ्यावा, म्हणजे तो मुळापर्यंत जातो आणि धुऊनही निघतो. टाइल्सवर रबरी चटई घालावी. पाय घसरणारा कुत्रा घाबरतो. पाणी कोमट, डोके शेवटी. केस चोळू नयेत, वरून खाली दाबत धुवावेत. खळबळायला शॅम्पू लावण्याच्या दुप्पट वेळ द्यावा.

टॉवेलही घासायचा नाही, दाबून पाणी टिपायचे. मग ड्रायर मंद आचेवर, २०-३० सेंमी अंतरावर, आपला हात झोतात ठेवून. सोबत विंचरत राहावे. शिह त्झूसारख्या चपट्या नाकाच्या कुत्र्याला उष्णता लवकर बाधते, धाप लागताच थांबावे. मुंबई-कोकणच्या पावसाळ्यात आतली लव आपोआप वाळत नाही. ओल राहिली की कुत्रा तिथे चाटतो, खाजवतो आणि काही तासांत ओला, दुखरा चट्टा पडतो. म्हणून पावसात फिरून आल्यावर दर वेळी अंघोळ न घालता पंजे व पोट तेवढे धुऊन कोरडे करावे. केसांना खोबरेल लावायची हौस आवरावी : धूळ चिकटते आणि उरलेले कुत्रा चाटून टाकतो.

डोळ्यांच्या कोपऱ्यातली घाण ओल्या कापसाने पुसावी. डोळ्यांत जाणारे केस कापताना कात्रीचे टोक डोळ्याकडे असू नये. डोक्यावर शेंडी बांधली तर पापण्या ताणल्या जाणार नाहीत इतपत सैल. कानांत काडी घालू नये. तळव्यांच्या गाद्यांमधले केस गादीच्या पातळीत कापावेत, नाहीतर गुळगुळीत फरशीवर पाय सरकतात. नखे तीन-चार आठवड्यांनी, दर खेपेला थोडीथोडी. काळ्या नखात शीर दिसत नाही, म्हणून पातळ काप घेत जावे आणि मधोमध गडद ठिपका दिसला की थांबावे. रक्त आलेच तर तुरटीची पूड दाबून धरावी. पायाच्या आतल्या बाजूला थोडे वर असणाऱ्या अंगठ्याचे नख जमिनीला टेकत नसल्याने झिजत नाही, ते विसरू नये.

गोचीड शोधायची वेळही विंचरतानाचीच : कानांच्या घड्या, बोटांची बेचकी, गळपट्ट्याखालची जागा. चिमट्याने त्वचेलगत धरून सरळ ओढावी, बोटांनी चिरडू नये. गोचिडी निघाल्यानंतरच्या दिवसांत ताप, सुस्ती, अन्नावरची वासना जाणे किंवा फिक्या हिरड्या दिसल्या तर लगेच पशुवैद्याकडे न्यावे; गोचीडताप रक्ततपासणीत कळतो आणि लवकर सापडला तर औषधांनी बरा होतो.