तळ्याकाठची प्रिम्युला

प्रिम्युला या फुलझाडांच्या प्रजातीतील काही जातींना पायाशी सतत ओल लागते. ब्रिटनसारख्या थंड हवेच्या देशांत त्या बागेतील तळ्याच्या किंवा ओढ्याच्या काठी लावतात. त्यांचे मूळ घर मात्र हिमालय, तिबेट, चीनचा युनान प्रांत आणि जपान. तिथे उन्हाळाभर पाऊस असतो, म्हणून बागेतही ऐन वाढीच्या दिवसांत माती सुकून चालत नाही.

यांतला सर्वांत देखणा गट मराठी माणसाला ओळखीचा वाटेल, कारण त्याचा फुलोरा थेट देवळापुढच्या दीपमाळेसारखा असतो. एका सरळ दांड्यावर थोड्या थोड्या अंतराने फुलांची कडी, एकावर एक. जपानी प्रिम्युला जॅपोनिका, नारिंगी बुलेयाना आणि किरमिजी बीसियाना या गटातल्या. शेवटच्या दोन्ही नावांचे मूळ एकच आहे. ए. के. बुली हा लिव्हरपूलचा कापूस-दलाल. त्याने जॉर्ज फॉरेस्टला रोपे-बिया गोळा करायला युनानात धाडले. एका जातीला बुलीचे नाव मिळाले, दुसरीला त्याच्या 'बीज' (Bees) या रोपवाटिकेचे.

प्रिम्युला फ्लोरिंडे मात्र वेगळ्या गटातली. फ्रँक किंग्डन-वॉर्ड या वनस्पतिशोधकाला ती 1924 साली तिबेटात सापडली आणि त्याने तिला आपल्या पत्नीचे, फ्लोरिंडाचे, नाव दिले. हिचा दांडा मीटरभर उंच जातो, टोकाला पिवळ्या सुवासिक घंटांचा एकच झुबका लोंबतो, आणि उथळ पाण्यातही ती तग धरते. उलट हिमालयातील प्रिम्युला डेंटिक्युलाटाचा गड्डा हिवाळ्यात पाण्यात राहिला तर कुजतो.

लागवडीत बहुतेकांची फसगत काठापाशीच होते. प्लास्टिक किंवा रबराचे अस्तर घातलेल्या तळ्यातले पाणी बाहेर झिरपत नाही, त्यामुळे पाण्यापासून वीतभर अंतरावरची माती ठणठणीत कोरडी असू शकते. अशा वेळी शेजारी वेगळा खड्डा खणून त्यात भोके पाडलेले अस्तर अंथरतात आणि तो मातीने व कुजलेल्या पालापाचोळ्याने भरतात. माती मुठीत दाबली की गोळा व्हावा, पण बोटांतून पाणी गळू नये, इतपत ओल बहुतेक जातींना पुरते. जागा अर्धवट सावलीची, माती किंचित आम्लधर्मी किंवा उदासीन असावी. महाराष्ट्राच्या सपाटीवरचा उन्हाळा या रोपांना सोसणारा नाही.

बी ताजे असतानाच पेरावे. ते मातीत खोल न पुरता वर नुसते भुरभुरतात, कारण रुजायला उजेड लागतो. फुले ओसरल्यावर जुने झुपके उपटून, फोडून लावले तरी चालते. दीपमाळ गटातल्या अनेक जातींचा आपसात सहज संकर होतो. बुलेयाना आणि बीसियाना शेजारी लावल्या की काही वर्षांत काठावर आपोआप उगवलेल्या रोपांत जर्दाळू, गुलाबी, विटकरी अशा छटा दिसू लागतात. इंग्लंडमधील हार्लो कार उद्यानातल्या ओढ्याकाठची अशीच सरमिसळ त्या उद्यानाच्या नावाने विकली जाते. शुद्ध जात राखायची असेल तर मात्र दोघींना दूर ठेवावे लागते.