रडारवर ढग मोहोळला, पाऊस आमच्या गच्चीवर

मे महिन्यातली दुपार. गच्चीवर जुन्या साडीवर आईने कुरडया घातल्या होत्या. पश्चिमेकडे आभाळ काळवंडलं तशी तिने खालून हाक मारली, "अरे, उचलायच्या का?" मी मोबाइलवर रडारचं चित्र उघडलं. लाल-पिवळा डाग मोहोळवर होता. मोहोळ इथून, म्हणजे सोलापूरहून, पस्तीसेक किलोमीटर. ढग ताशी ४० किलोमीटरने आला तरी पाऊण तास हातात. "राहू दे, अजून मोहोळलाय," मी वरूनच सांगितलं. दहा मिनिटांत टपोरे थेंब सुरू झाले आणि साडी गुंडाळेपर्यंत निम्म्या कुरडयांचा लगदा झाला. आई एवढंच म्हणाली, "आता मोबाइललाच सांग चीक शिजवायला."

मोबाइल खोटं बोलला नव्हता. त्याने शिळं सांगितलं होतं, आणि ते शिळं आहे हे मी पाहिलं नव्हतं. माझं नुकसान दोन किलो गव्हाचं. हीच चूक आकाशात विमान चालवताना झाली तर?

रडारचं चित्र म्हणजे फोटो असं आपण धरून चालतो. पण फोटो एका क्षणात निघतो, रडारचं तसं नाही. त्याची लहरी सोडणारी थाळी आधी जवळजवळ आडवी राहून गोल फिरते, मग जरा वर मान करून पुन्हा फिरते, मग आणखी वर. असा तळापासून माथ्यापर्यंतचा ढग चाचपून होईस्तोवर पाच ते दहा मिनिटं जातात. चित्राच्या एका भागातला पाऊस आत्ताचा आणि दुसऱ्या भागातला काही मिनिटांपूर्वीचा, असं तिथेच होऊन बसतं. पुढे संगणक त्यातला कचरा काढतो, शेजारच्या रडारांची चित्रं त्याला जोडली जातात आणि मग ते प्रसारित होतं. प्रत्येक पायरीवर थोडं थोडं शिळेपण चढतं.

खरी गोम चित्रावरच्या घड्याळात आहे. अमेरिकेत छोट्या विमानांचे वैमानिक असं जोडचित्र समोरच्या पडद्यावर किंवा टॅबवर बघतात. कोपऱ्यात "१ मिनिटापूर्वीचं" असं दिसतं. ते एक मिनिट मोजलेलं असतं चित्र जोडून तयार झालं तेव्हापासून. रडारने पाऊस पाहिला तो त्याच्याही आधी. जून २०१२ मध्ये तिथल्या राष्ट्रीय वाहतूक सुरक्षा मंडळाने दोन जीवघेण्या अपघातांचा दाखला देऊन वैमानिकांना सावध केलं, की पडद्यावर दिसणाऱ्या वयापेक्षा प्रत्यक्ष माहिती टोकाच्या प्रसंगी १५ ते २० मिनिटांनी जुनी असू शकते. आजच्या तारखेचा शिक्का मारलेलं कालचं दूध, असा हा प्रकार.

आता हिशोब करू. समजा, पडद्यावर दोन वादळी ढग दिसतात आणि मध्ये २० किलोमीटरची मोकळी वाट. विमानाचा वेग ताशी २००, वाट ५० किलोमीटर पुढे. चित्र १५ मिनिटं शिळं, शिवाय तिथे पोचायला आणखी १५ मिनिटं. म्हणजे वैमानिक त्या वाटेच्या तोंडाशी येतो तेव्हा चित्रातला क्षण अर्धा तास मागे पडलेला असतो. एक ढग जागेवर आणि दुसरा ताशी ४० ने त्याच्याकडे सरकत असेल, तर अर्ध्या तासात २० किलोमीटर. वाट बंद. पडद्यावर मात्र ती अजून मोकळीच दिसते, आणि वैमानिक ती नीट मधोमध धरून आत शिरतो.

त्यातही ढग नुसते सरकले असते तर गणित सोपं होतं. त्या दिवशीची रडारची चित्रं मी नंतर ओळीने लावून पाहिली, तेव्हा कळलं की मोहोळचा ढग सोलापुरात आलाच नव्हता. वळवाचा ढग कोसळतो तेव्हा पावसाबरोबर थंड, जड हवा खाली आदळते आणि जमिनीवरून चहूबाजूंना पसरते. पावसाआधी मातीचा वास घेऊन येणारा तो गार झोत हाच. तो पुढच्या तापलेल्या हवेच्या खाली पाचरीसारखा घुसतो, ती हवा वर उचलली जाते आणि जिथे काही नव्हतं तिथे नवा ढग उभा राहतो. आमचा ढग असा सोलापूरला लागून असलेल्या बाळे गावाच्या आसपास जन्मला होता. ढगातली वर चढणारी हवा सेकंदाला १० मीटरने गेली तरी दहा मिनिटांत ६ किलोमीटर चढते. दोन चित्रांच्या मधल्या वेळात अख्खा ढग जन्मतो आणि पहिल्या चित्रात त्याची पुसटशी खूणही नसते.

मग जमिनीवरचं रडार विमानाच्या कामाचंच नाही का? तसंही नाही, आणि इथे गोष्ट रंगते. प्रवासी विमानाच्या नाकात स्वतःचं रडार असतं आणि ते समोरचा पाऊस त्या घडीचा दाखवतं. पण त्याच्या लहरी जेमतेम ३ सेंटिमीटरच्या. मुसळधार पाऊस त्या पिऊन टाकतो, त्यामुळे जोरदार सरीच्या मागे काय आहे ते दिसतच नाही आणि पडद्यावर तो भाग काळा, म्हणजे मोकळा वाटतो. ४ एप्रिल १९७७ ला अमेरिकेतल्या जॉर्जिया राज्यावर सदर्न एअरवेजचं एक डीसी-९ विमान अशाच मोकळ्या वाटलेल्या भागाकडे गेलं. तिथे वादळाचा गाभा होता. पाऊस आणि गारांनी दोन्ही इंजिनं बंद पडली, विमान रस्त्यावर उतरवताना कोसळलं आणि जमिनीवरच्यांसह ७२ जण गेले.

थोडक्यात, एकाला ताजं दिसतं पण पलीकडचं दिसत नाही, दुसऱ्याला पलीकडचं दिसतं पण शिळं. जमिनीवरची मोठी रडारं १० सेंटिमीटरच्या लहरी वापरतात, त्या पावसातून बऱ्याच आरपार जातात. वादळांची रांग कुठून कुठवर आहे, वळसा उत्तरेकडून घालायचा की दक्षिणेकडून, की सरळ आधीच्या विमानतळावर उतरून चहा प्यायचा, हे शंभर-दीडशे किलोमीटर आधी ठरवायला शिळं चित्र उत्तम. फटीतून वाट काढायला नव्हे. जोरदार वादळापासून किमान २० मैल, म्हणजे ३२ किलोमीटर लांब राहा, असं अमेरिकेची हवाई वाहतूक यंत्रणा सांगते. दोन वादळांच्या मधून जायचं तर हे अंतर दोन्ही बाजूंना हवं, म्हणजे फट ६४ किलोमीटरची. सोलापूरहून जवळजवळ पंढरपूर येईल एवढी! मघाच्या उदाहरणातली २० किलोमीटरची वाट मुळात वाट नव्हतीच.

सोलापूरला ढगांमागे धावणारी विमानं नवी नाहीत. २०१८ आणि २०१९ च्या पावसाळ्यात पुण्याच्या भारतीय उष्णकटिबंधीय हवामानशास्त्र संस्थेने आपल्या पर्जन्यछायेतल्या भागात कृत्रिम पावसाचा प्रयोग केला, सोबत रडारही होतं. तिथे गरज उलटी होती, ढगाच्या तळाशी जाऊन क्षारांच्या कांड्या पेटवायच्या. आपल्याकडच्या पावसाळी ढगाचं आयुष्य तासाभराचंही नसतं, त्यातही हे क्षारांचं बीज पेरायचं ते वाढत्या वयात. तिथे पाव तासाचं शिळं चित्र म्हणजे वरात निघून गेल्यावर मांडवात पोचणं.

दुसऱ्या दिवशी आईने पुन्हा चीक शिजवला. मी कालचं चित्र परत काढलं आणि या वेळी त्यावरची वेळ वाचली: १०:०२. क्षणभर गोंधळलो, मग आठवलं, ही वेळ आंतरराष्ट्रीय आहे, तिच्यात साडेपाच तास मिळवायचे. म्हणजे ३:३२. मी ते पाहिलं होतं पावणेचारला. आईला हे सगळं नीट समजावून सांगितलं. तिने ऐकून घेतलं, गच्चीच्या कठड्यापाशी जाऊन मोहोळच्या बाजूने येणारा वारा तोंडावर घेतला आणि म्हणाली, "गार लागतोय. उचल."