घोट्याची मुरगळ (क्रीडा जैवयांत्रिकी)

खेळताना पाऊल एकाएकी आतल्या बाजूला कलंडून घोट्याच्या बाहेरच्या अंगाचे अस्थिबंध (हाडांना एकमेकांशी जोडणारे चिवट पट्टे) ताणले किंवा फाटले, की घोटा मुरगळला असे म्हणतात. बास्केटबॉल, व्हॉलीबॉल, फुटबॉल अशा उड्या आणि झटक्यात दिशा बदलण्याच्या खेळांत ही अगदी नेहमीची दुखापत. ‘नुसता पाय मुरगळलाय’ म्हणून ती झटकून टाकली जाते, हे वाईट आहे. एकदा मुरगळलेला घोटा पुन्हा मुरगळण्याची शक्यता बरीच वाढते.

नडगीचे हाड आणि त्याच्या बाहेरचे फिब्युला यांच्या खालच्या टोकांची एक खाच बनते आणि तीत टॅलस हे हाड बसते. टॅलसचा माथा पुढे रुंद आणि मागे अरुंद असतो. चवडा वर उचललेला असताना रुंद भाग खाचेत घट्ट रुततो. चवडा खाली झुकला की अरुंद भाग खाचेत येतो आणि सांधा सैल पडतो. उडीवरून खाली येणाऱ्या खेळाडूचा चवडा नेमका असाच खाली झुकलेला असतो. फिब्युलाचे टोक नडगीच्या आतल्या बाजूच्या टोकापेक्षा अधिक खालपर्यंत उतरते, शिवाय आतला डेल्टॉइड बंध चांगला दणकट असतो. त्यामुळे पाऊल बाहेर वळायला कठीण आणि आत वळायला सोपे. बाहेरच्या तीन बंधांपैकी पुढचा, टॅलस आणि फिब्युला यांना जोडणारा, सर्वांत कमजोर. चवडा खाली असताना मुख्य ताण त्याच्यावर येतो आणि बहुतेक वेळा आधी तोच फाटतो. टाचेच्या हाडाकडे जाणारा मधला बंध जोराच्या मुरगळीत त्याच्यामागून जातो, मागचा क्वचितच.

पाऊल आत-बाहेर कलते ते मुख्यतः टॅलसच्या खालच्या सांध्यात. या सांध्याचा अक्ष तिरका असतो: टाचेच्या मागच्या-बाहेरच्या अंगाकडून पुढे, वर आणि आत जाणारा. जमीन पावलाला वर ढकलते ते बल या अक्षाच्या कोणत्या बाजूने जाते, यावर सगळे ठरते. बाहेरून गेले तर पाऊल सपाट होते, आतून गेले तर ते आणखी आत वळते. व्हॉलीबॉलच्या जाळ्याशी हे स्पष्ट दिसते. स्मॅश मारून खाली येणाऱ्याच्या पावलाची आतली कड समोरच्या ब्लॉकरच्या बुटावर पडते आणि बाहेरच्या कडेखाली काहीच नसते. बल आतल्या बाजूने वर येते, बाहेरची कड खाली घसरते आणि शरीराचा सगळा भार त्या कलंडलेल्या पावलावर उतरतो. पाऊल जितके कलते तितकी बलाची रेषा अक्षापासून दूर जाते, भुजा (हेच अक्षापासूनचे अंतर) लांबते आणि पीळ वाढतो. कलण्यानेच कलणे वाढत जाते, म्हणून अर्ध्या वाटेवर ते थोपवणे इतके अवघड.

चवडा खाली असल्याशिवाय घोटा मुरगळत नाही, असे फार काळ मानले जाई. 2009 साली हाँगकाँगच्या संशोधकांनी एक विलक्षण नोंद प्रसिद्ध केली. प्रयोगशाळेत दिशा बदलून धावण्याची चाचणी सुरू असताना, कॅमेरे चालू असतानाच, एका खेळाडूचा घोटा अपघाताने मुरगळला. पाऊल सुमारे 48 अंश आत कलले होते आणि आतल्या बाजूला फिरलेही होते, मात्र चवडा खाली झुकलेला नव्हता. पुढे 2008 च्या बीजिंग ऑलिंपिकमधल्या दोन दुखापतींच्या दूरचित्रणाचे विश्लेषण झाले. त्यात हॉकीपटूच्या घोट्याचा कल 78 अंश, तर उंच उडीच्या खेळाडूचा 142 अंश आढळला. आत कलणे आणि आत फिरणे ही जोडी महत्त्वाची, चवड्याची स्थिती दुय्यम, हे या नोंदींनी बऱ्यापैकी पटवून दिले. प्रत्यक्ष अपघातांची मोजमापे मोजकीच आहेत, म्हणून अशा एकेका नोंदीचे मोल मोठे.

पाऊल बाहेर वळवणारे पेरोनिअल स्नायू पोटरीच्या बाहेरच्या अंगाला असतात. पाऊल एकाएकी कलले, की त्यांचा प्रतिक्षेप (आपोआप उमटणारी प्रतिक्रिया) साधारण 60 ते 90 मिलिसेकंदांनी जागा होतो आणि स्नायूत पुरेसा जोर यायला आणखी वेळ लागतो. जोराच्या मुरगळीत तेवढ्या अवधीत घोटा हद्द ओलांडून गेलेला असतो. त्यामुळे पाऊल टेकण्याआधी ते कोणत्या कोनात आहे आणि स्नायू आधीच किती ताठ आहेत, यालाच खरे महत्त्व. दमलेला खेळाडू किंवा नजर फक्त चेंडूवर ठेवून उतरणारा खेळाडू इथेच कमी पडतो.

1965 मध्ये ब्रिटिश शल्यचिकित्सक मायकेल फ्रीमन यांनी वेगळी बाजू मांडली. अस्थिबंधांत सांध्याच्या स्थितीची खबर देणारे मज्जातंतूही असतात. बंध फाटला की तेही दुखावतात आणि घोटा ‘आंधळा’ होतो. डुगडुगत्या फळीवर तोल सांभाळण्याच्या व्यायामाला यातून आधार मिळाला आणि पुन्हा मुरगळणे कमी करण्याचा तो आजही भरवशाचा उपाय आहे.

चिकटपट्टी किंवा ब्रेस (घोट्याला बांधायचा आधारपट्टा) पाऊल कलण्याची मर्यादा आवळून धरतात आणि टेकण्याआधी ते सरळ ठेवायला मदत करतात. आधी मुरगळलेल्या घोट्याला त्यांचा सर्वाधिक फायदा होतो. चिकटपट्टी मात्र खेळ सुरू झाल्यावर काही मिनिटांतच सैल पडू लागते, आणि मध्यंतर होईपर्यंत ती पुन्हा बांधायला सहसा कोणी खेळ थांबवत नाही.