कराटेचे पुस्तक मागवताना आपली शैली जरूर कळवा

कराटे, ज्युदो, आयकिदो, केन्दो आणि त्याहून जुन्या तलवारविद्येवरील पुस्तके आम्ही मागवून देतो. सर्वाधिक मागणी कराटेच्या पुस्तकांना असते आणि परत येतात तीही बहुतेक कराटेचीच, कारण ‘बेल्टच्या परीक्षेसाठी पहिल्या काताचे पुस्तक हवे’ एवढेच कळवले जाते आणि शैलीचे नाव राहून जाते.

काता म्हणजे ठरलेल्या क्रमाने करायच्या हालचालींची मालिका, आणि पहिला काता सर्व शैलींत एकच नसतो. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला आन्को इतोसु यांनी ओकिनावातील शाळकरी मुलांसाठी जे पाच काता बसवले, त्यांना पिनान म्हणतात. त्यांचे शिष्य गिचिन फुनाकोशी १९२२ मध्ये प्रात्यक्षिकासाठी तोक्योला गेले, तिथेच राहिले, आणि पुढे त्यांनी ओकिनावी नावे बदलून पिनानचे हेइआन व नाइहान्ची या वेगळ्या काताचे तेक्की केले. शिवाय पिनानमधील दुसरा काता नवशिक्याला सोपा म्हणून त्यांनी पहिल्या दोहोंचा क्रमही उलटवला. त्यामुळे त्यांच्या शोतोकान शैलीतील हेइआन शोदान, म्हणजे पहिला, हाच शितो-र्यू आणि वादो-र्यू या शैलींमध्ये पिनान निदान, म्हणजे दुसरा ठरतो. गोजू-र्यू शैलीची सुरुवात तर सहसा चोजुन मियागी यांनी १९४० मध्ये बसवलेल्या गेकिसाई या काताने होते.

शितो-र्यू शिकणाऱ्या एका मुलीच्या वडिलांनी आमच्याकडून शोतोकानचे पुस्तक नेले होते. क्लासमधला तिचा पिनान शोदान दोन्ही हात वर उचलून सुरू होत असे. पुस्तकातला शोदान मात्र डावीकडे वळून, डावा हात खाली झटकत केलेल्या गेदान-बाराईने सुरू होत होता. आपलेच चुकते आहे असे समजून तिने दोन आठवडे पुस्तकाप्रमाणे सराव केला आणि तो विसरायला तिला त्याहून अधिक दिवस लागले. ते पुस्तक उत्तम होते, फक्त तिचे नव्हते.

म्हणून मागणी आल्यावर आम्ही फोन करून शैली विचारतो. त्यात एक-दोन दिवस जातात आणि काहींना तो उशीर खटकतो, परंतु जपानहून आलेले पुस्तक आम्हाला परत पाठवता येत नाही आणि त्याचा भुर्दंड ग्राहकावर पडावा, असे आम्हाला वाटत नाही. शैलीचे नाव बहुधा बेल्टच्या प्रमाणपत्रावर असते. ते न सापडल्यास आपल्या सेन्सेईंना, म्हणजे प्रशिक्षकांना, विचारावे आणि काताचे नाव ते उच्चारतात तसेच लिहून पाठवावे.

जपानी येत नसले तरी तिकडची सचित्र पुस्तके घेण्यास कचरू नये. क्रमांक दिलेली छायाचित्रे आणि पावलांची दिशा दाखवणारी एन्बुसेन ही रेषाकृती पाहून क्लासमध्ये शिकलेला काता घरी नीट आठवता येतो. नवा काता मात्र सेन्सेईंसमोरच शिकावा. नावांचा तुलनात्मक तक्ता आम्ही प्रत्येक पुस्तकासोबत विनामूल्य देतो, आणि दुकानातील नमुना प्रती खरेदीपूर्वी निवांत बसून चाळता येतात.