खुराकाचा डबा आणि कोडेक्सचे पंधरा टक्के

कोल्हापुरात पैलवानाचा खुराक म्हणजे म्हशीचं दूध, तूप, मटण आणि बदामाची थंडाई. आता तालमीत त्याच्या शेजारी व्हे प्रोटीनचा, म्हणजे दुधाच्या निवळीतल्या प्रथिनांच्या पावडरीचा डबा येऊन बसला आहे. घरोघरीही मल्टिव्हिटॅमिन, कॅल्शियम आणि ‘ड’ जीवनसत्त्वाच्या पुड्या दिसतात. हे सगळं डॉक्टरच्या चिठ्ठीशिवाय मिळावं की नाही, यावर जगभर वाद झाला. ‘कोडेक्स जीवनसत्त्वांवर बंदी आणणार’ असे निरोप अजूनही अधूनमधून फिरतात. त्यात तथ्य नाही.

कोडेक्स अ‍ॅलिमेंटेरियस हा संयुक्त राष्ट्रांची अन्न व कृषी संघटना आणि जागतिक आरोग्य संघटना यांचा संयुक्त आयोग. 1963 पासून तो अन्नाची मानकं ठरवतो. जीवनसत्त्वं आणि खनिजांच्या पूरकांसाठी त्याने 2005 साली रोममध्ये मार्गदर्शक तत्त्वं स्वीकारली. ज्या देशांत ही पूरकं अन्न म्हणून विकली जातात, तिथेच ती लागू होतात आणि ती पाळणं बंधनकारक नाही. पण आयात-निर्यातीचा तंटा जागतिक व्यापार संघटनेपुढे गेला, की तिथे कोडेक्सचंच माप प्रमाण धरतात. म्हणून देश आपले कायदे त्याच्या जवळपास ठेवतात.

त्यातला आकड्यांचा भाग छोटा, पण महत्त्वाचा आहे. उत्पादक सुचवतो त्या दिवसभराच्या मात्रेत प्रत्येक जीवनसत्त्व किंवा खनिज रोजच्या शिफारशीच्या किमान 15 टक्के असलं पाहिजे. म्हणजे चिमूटभर टाकून लेबलवर नाव मिरवता येत नाही. वरची मर्यादा मात्र सरसकट शिफारशीवर थांबत नाही. किती मात्रेला अपाय सुरू होतो याचा शास्त्रीय अंदाज आणि जेवणातून आधीच किती मिळतं, हे दोन्ही पाहून ती ठरवायची आहे. ‘अन्नपूरक’ हा शब्द आणि दिवसाची कमाल मात्रा न ओलांडण्याची सूचना लेबलवर असावीच लागते, आणि हे जेवणाला पर्याय आहे असं लेबलने सुचवता कामा नये.

भारताने अधिक कडक वाट धरली. 2016 च्या नियमांनी, जे 1 जानेवारी 2018 पासून लागू झाले, पूरकातली पोषकं भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या शिफारशीपेक्षा जास्त नसावीत असं ठरवलं आणि परिषदेचं मानक नसेल तिथे कोडेक्सचं धरायला सांगितलं. त्यामुळे मेडिकलमध्ये एकाच फळीवर दोन जातीचा माल असतो. अन्न म्हणून विकलेल्या डब्यावर 14 अंकी परवाना क्रमांक आणि ‘औषधी वापरासाठी नाही’ या अर्थाची ओळ असते. औषध म्हणून विकलेल्या गोळीवर औषध निर्मितीचा परवाना क्रमांक असतो. हा फरक न पाहता दोन्ही एकत्र घेतली, की दिवसाच्या मात्रेची बेरीज चुकते.

बेरीज चुकायचं दुसरं कारण क्षार, म्हणजे गोळीत खनिज ज्या संयुगाच्या रूपात असतं ते. 1250 मिलिग्रॅम कॅल्शियम कार्बोनेटमध्ये प्रत्यक्ष कॅल्शियम 500 मिलिग्रॅमच असतं. त्याच वजनाच्या सायट्रेटमध्ये जेमतेम 260. म्हणून पाकिटावर ‘एलिमेंटल’ शब्दापुढचा आकडा शोधायचा. लोहाच्या गोळीचंही तेच. शिवाय लोह आणि कॅल्शियम एका घोटात घेतले, तर लोह कमी शोषलं जातं. गोळीवर चहा प्यायला तरी तेच होतं. दोन्हींत दोनेक तासांचं अंतर ठेवावं.

‘ड’ जीवनसत्त्वाच्या बाबतीत चूक महागात पडते. प्रौढाची रोजची शिफारस 600 युनिट, तर सहन होणारी कमाल मर्यादा 4,000. बाजारातली पुडी असते 60,000 युनिटची, म्हणजे शिफारशीच्या शंभरपट. ती डॉक्टर साधारण आठवड्यातून एकदा, ठरावीक आठवडे देतात. ‘रोज एक’ असं समजून घेतली तर रक्तातलं कॅल्शियम चढतं. सतत तहान, मळमळ, बद्धकोष्ठता सुरू होते आणि पुढे मूत्रपिंडालाही इजा होऊ शकते. मेदात विरघळणारं हे जीवनसत्त्व शरीरात साठतं, त्यामुळे पुडी बंद केल्यावरही त्रास लगेच ओसरत नाही.

आता तालमीतला डबा. प्रथिनं मोजण्याची जुनी पद्धत नायट्रोजन मोजते आणि दुधाच्या प्रथिनांसाठी त्याला 6.38 ने गुणते. नायट्रोजन कुठून आला, हे तिला कळत नाही. समजा, 100 ग्रॅम पावडरीत 80 टक्के प्रथिनांचं व्हे 70 ग्रॅम, ग्लायसीन हे स्वस्त अमिनो आम्ल (प्रथिनं ज्यांची बनतात त्यांतला एक घटक) 20 ग्रॅम आणि बाकी कोको व स्वाद. व्हेमधून खरी प्रथिनं 56 ग्रॅम येतात. ग्लायसीनमध्ये नायट्रोजन 18.7 टक्के, त्यामुळे यंत्र त्याचे आणखी 24 ग्रॅम धरतं. कागदावर 80 ग्रॅम. 30 ग्रॅमच्या स्कूपवर ‘24 ग्रॅम’ छापलं जातं, पोटात जातात 17. चीनमध्ये 2008 साली दुधात मेलामाइन हे नायट्रोजनने भरलेलं औद्योगिक रसायन मिसळलं गेलं, ते याच पळवाटेतून. त्यानंतर 2010 मध्ये कोडेक्सने बाळांच्या दूध पावडरीत मेलामाइनची मर्यादा किलोमागे 1 मिलिग्रॅम ठरवली.

डब्यावर अमिनो आम्लांचा तक्ता असेल तर ल्युसिन पाहा. 24 ग्रॅम व्हे प्रथिनांत ते अडीच ग्रॅमच्या आसपास हवं. ग्लायसीन किंवा टॉरिन घटकांच्या यादीत वेगळं लिहिलेलं दिसलं, तर छापील प्रथिनांतून ते वजा करून धरा. आणि डबा घेण्याआधी खुराकाचाच हिशोब मांडा. साध्या कष्टाच्या 70 किलो माणसाला सुमारे 58 ग्रॅम प्रथिनं पुरतात, रोज मेहनत करणाऱ्या पैलवानाला शंभर ते एकशे चाळीस लागू शकतात. अर्धा लिटर म्हशीच्या दुधातून 20 ग्रॅमच्या आसपास मिळतात. स्पर्धेत उतरणाऱ्याने आणखी एक गोष्ट ध्यानात ठेवावी. उत्तेजक चाचणीत निषिद्ध द्रव्य सापडलं, तर ते डब्यातल्या भेसळीतून आलं तरी जबाबदारी खेळाडूचीच धरली जाते.

संशय आला तर कायद्यात सोय आहे. अन्नसुरक्षा व मानके कायदा, 2006 च्या 40व्या कलमानुसार ग्राहक स्वतः फी भरून अन्न विश्लेषकाकडून नमुना तपासून घेऊ शकतो. अट एकच: विकत घेतानाच दुकानदाराला तसं सांगायला हवं. घरी नेऊन फोडलेला डबा या वाटेने चालत नाही. नमुना नियमाबाहेरचा निघाला, तर भरलेली फी परत मिळते.